लाठीमाराचा हुकूम कुणाचा?

१ सप्टेंबर २०२३ रोजी जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी उपोषणाला बसलेल्यांच्या मंडपात लाठीमार झाला, अश्रुधुराची नळकांडी फुटली. आंदोलक जखमी झाले, पोलीसही झाले. पुढचे कित्येक दिवस मराठवाड्यात दुसरा विषय नव्हता. धाराशिव जिल्ह्यातल्या भूमच्या बसस्थानकासमोर चहा घेणारा असो की खव्याच्या भट्टीवर दुधाचे कॅन उतरवणारा, प्रश्न एकच होता: लाठीमाराचा हुकूम दिला कुणी? एक बाजू म्हणायची, वरून फोन आल्याशिवाय पोलीस हात उचलत नाहीत. दुसरी म्हणायची, आधी दगड आले. गृहखातं तेव्हा देवेंद्र फडणवीस यांच्याकडे होतं. त्यांनी तीनच दिवसांत जाहीर क्षमा मागितली आणि त्याचबरोबर सांगितलं की, लाठीमाराचे आदेश मंत्रालयातून जात नाहीत, ते अधीक्षक-उपअधीक्षक पातळीवरच होतात. जालन्याच्या पोलीस अधीक्षकांना सक्तीच्या रजेवर पाठवलं गेलं.

बऱ्याच जणांना हे हात झटकणं वाटलं. राजकारण म्हणून ते तसं असेलही. पण कायदा उघडून पाहिला तर ते उत्तर बरोबर आहे, आणि ते बरोबर आहे म्हणूनच त्याचा पुढचा भाग विचारायला हवा. हुकूम तालुक्यात सुटत असेल, तर त्याचा हिशेबही तालुक्यातच मागता आला पाहिजे. आपण तो मागतो विधानसभेत, चौकशी आयोगासमोर, पाच-दहा वर्षांनी, आणि तोवर ज्या कागदांवर तो हिशेब लिहिलेला असायला हवा होता ते कोरेच राहिलेले असतात.

बळाचा वापर कुणी करायचा हे आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४८ व्या कलमात आहे. आधी ते फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२९ वं कलम होतं, मजकूर जवळपास तोच. पाच किंवा अधिक माणसांच्या जमावामुळे शांतता बिघडण्याची शक्यता असेल तर त्याला पांगण्याचा हुकूम देता येतो. तो द्यायचा कार्यकारी दंडाधिकाऱ्याने किंवा पोलीस ठाण्याच्या प्रमुखाने, आणि प्रमुख हजर नसेल तर किमान फौजदाराच्या हुद्द्याच्या अधिकाऱ्याने. भूमपुरतं बोलायचं तर तहसीलदार, प्रांत, ठाण्याचे निरीक्षक, आणि ते नसतील तेव्हा एखादा तिशीतला पोलीस उपनिरीक्षक. हुकूम देऊनही जमाव हलला नाही, किंवा हलायचंच नाही असं त्याच्या वागण्यातून दिसलं, तर बळ वापरायचं. मंत्र्याचं नाव या कलमात कुठेच नाही.

यात एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. जमाव पांगवण्यासाठी सैन्य बोलवावं लागलं, तर सैन्याच्या अधिकाऱ्याने कमीत कमी बळ वापरावं, माणसांची आणि मालमत्तेची कमीत कमी हानी करावी, हे पुढच्याच कलमात स्पष्ट लिहिलेलं आहे. पोलिसांसाठीच्या कलमात मात्र तसं वाक्य नाही. पोलिसांवरचं कमीत कमी बळाचं बंधन येतं ते नियमपुस्तिकेतून, प्रशिक्षणातून आणि न्यायालयांच्या निकालांतून. आधी ध्वनिक्षेपकावरून इशारा, मग अश्रुधूर, मग लाठी, तीही कमरेखाली, आणि गोळीबार अगदी शेवटी. प्रत्येक पायरीची नोंद. हे सगळं पोलिसांना शिकवलं जातं. पण ज्या कलमाच्या जोरावर लाठी उगारली जाते त्यात ते नाही. तीन नवे फौजदारी कायदे १ जुलै २०२४ पासून लागू झाले, तेव्हा एवढं एक वाक्य घालण्याची संधी होती. ती घेतली गेली नाही.

त्याच आंदोलनाच्या पुढच्या टप्प्यात, ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस, धाराशिव जिल्ह्यात बस जाळल्या गेल्यावर संचारबंदी लागली. तो जिल्हाधिकाऱ्यांचा लेखी आदेश होता: सही, तारीख, मुदत, कारण, सगळं त्यावर. उद्या कुणाला त्याविरुद्ध न्यायालयात जायचं असेल तर तो कागद हातात घेऊन जाता येतं. लाठीमाराचा हुकूम तोंडी असतो. ‘मारा’ हा शब्द कुणाच्या तोंडून कितव्या मिनिटाला निघाला, त्याआधी इशारा दिला होता का, जमावाला निघायला वाट होती का, हे सगळं नंतर ठाण्याच्या डायरीत लिहिलं जातं, आणि लिहिणारा तोच असतो. घराबाहेर पडू नका म्हणायला कागद लागतो आणि डोकं फुटेपर्यंत मारायला लागत नाही, ही विसंगती आपल्या अंगवळणी पडली आहे. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात ‘सौम्य लाठीमार’ एवढं छापून येतं आणि प्रकरण मिटतं.

पोलिसांची बाजूही खरी आहे. बंदोबस्ताला उभा असलेला शिपाई सकाळी सहाला घरून निघालेला असतो, जेवण गाडीत आलं तर आलं. समोर हजारभर माणसं, हातात फायबरची लाठी आणि डोक्यावर शिरस्त्राण. २००६ साली भिवंडीत पोलीस ठाण्याच्या जागेवरून उसळलेल्या दंगलीत जमावाने दोन पोलिसांचा जीव घेतला. दगड येत असताना माणूस मोजूनमापून मारत नाही, आणि न्यायालयंही तशी अपेक्षा करत नाहीत. क्षणात घेतलेल्या निर्णयाला सोनाराच्या काट्यावर तोलू नये, अशीच त्यांची भूमिका राहिली आहे. पण ही सवलत त्या क्षणापुरती आहे. जमाव पळू लागल्यावर पाठीमागून बसलेल्या लाठीला, घरात शिरून केलेल्या मारहाणीला आणि सगळं शांत झाल्यावर लिहिलेल्या खोट्या नोंदीला ती नाही.

माणसं मरण्यापर्यंत गोष्ट गेली की आयोग नेमला जातो. महाराष्ट्रातली दोन उदाहरणं शेजारी ठेवावीत. २३ नोव्हेंबर १९९४ ला नागपुरात, हिवाळी अधिवेशनावर आलेल्या गोवारींच्या मोर्च्यावर लाठीमार झाला आणि चेंगराचेंगरीत ११४ जण गेले, त्यांत बायका-मुलं मोठ्या संख्येने होती. न्यायमूर्ती दाणी आयोगाने कुणा एकाला जबाबदार धरलं नाही. दुसरं, ११ जुलै १९९७, मुंबईत घाटकोपरची रमाबाई आंबेडकर नगर वसाहत. डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाल्याने लोक रस्त्यावर उतरले होते. राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने गोळ्या झाडल्या आणि दहा जण मेले. तुकडीचे प्रमुख मनोहर कदम यांचं म्हणणं, जमाव महामार्गावरचे गॅसचे टँकर पेटवणार होता. स्फोट झाला असता तर शेकडो मेले असते. हे खरं असतं तर गोळीबार समर्थनीय ठरला असता, यात वाद नाही. म्हणून न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने टँकर नेमके कुठे उभे होते आणि गोळ्या कुठे झाडल्या गेल्या, हेच तपासलं. टँकरचं कारण टिकलं नाही, गोळीबार असमर्थनीय ठरला. २००९ मध्ये सत्र न्यायालयाने कदमला जन्मठेप सुनावली. बारा वर्षं लागली, आणि आयोगाचा अहवाल हा न्यायालयात पुरावा नसतो, खटल्यात सगळं नव्याने सिद्ध करावं लागतं, हे लक्षात घेतलं तर बारा वर्षंही लवकर म्हणायची. नागपुरात ११४ मृत्यूंना कुणीच जबाबदार नव्हतं आणि घाटकोपरात एक उपनिरीक्षक होता. वरच्या हुद्द्यांपर्यंत बोट कुठेच पोचलं नाही.

तरीही मला वाटतं, रस्त्यावरचा लाठीमार ही या विषयाची दर्शनी बाजू झाली. तिथे निदान मोबाइल असतात, बातमीदार असतात. खरी कसोटी लागते ती कोठडीत. तिथे दगड येत नाहीत, जमाव नसतो, क्षणात निर्णय घ्यायची वेळ नसते. दार बंद असतं आणि माणूस पूर्णपणे सरकारच्या ताब्यात असतो.

परभणीचं प्रकरण अजून ताजं आहे. १० डिसेंबर २०२४ ला रेल्वेस्थानकाबाहेर डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागलं आणि पोलिसांनी वस्त्यांमध्ये धरपकड केली. पकडलेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी होता, पस्तिशीचा, वडार समाजातला, कायद्याचं शिक्षण घेणारा. आधी पोलीस कोठडी, १४ तारखेला न्यायालयीन कोठडी, आणि १५ डिसेंबरला त्याचा मृत्यू. मुख्यमंत्री फडणवीस यांनी विधानसभेत निवेदन केलं की, सोमनाथने दंडाधिकाऱ्यांसमोर मारहाण झाली नसल्याचं सांगितलं होतं, त्याला श्वसनाचा जुना आजार होता. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात झालेल्या शवविच्छेदनात मात्र मृत्यूचं प्राथमिक कारण नोंदलं गेलं ते अनेक जखमांमुळे बसलेला धक्का. पुढे दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीतही बोट पोलिसांकडेच गेलं. तरीही गुन्हा नोंदला जाईना. त्याची आई उच्च न्यायालयात गेली, प्रकाश आंबेडकर यांनी तिची बाजू मांडली, आणि ४ जुलै २०२५ ला औरंगाबाद खंडपीठाने आठवड्यात गुन्हा नोंदवायला सांगितलं. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे ३० जुलैला त्या आदेशात हात घालायला नकार मिळाला. नुसता गुन्हा नोंदवून घ्यायलाच साडेसात महिने गेले. खटला अजून पुढेच आहे.

इथे एक पोकळी दिसली. कोठडीतल्या मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्याने करावी, असं कायदा सांगतो. आधी कलम १७६ चं पोटकलम होतं, आता कलम १९६. पण अहवाल आला की पुढे कुणी, किती दिवसांत, काय करायचं, याबद्दल कलम गप्प आहे. अहवाल फाइलमध्ये पडून राहिला तरी कुणी कायदा मोडला असं होत नाही. हाच मुद्दा खंडपीठासमोर मांडला गेला.

आता ते वाक्य: ‘दंडाधिकाऱ्यांसमोर तक्रार केली नाही.’ कोठडीतल्या मृत्यूनंतर सरकारपक्षाचा पहिला बचाव बहुतेक वेळा हाच असतो, म्हणून ते वाक्य तयार कसं होतं हे जवळून पाहायला हवं. अटकेनंतर चोवीस तासांत आरोपीला न्यायालयात उभं करावं लागतं. भूमला अटक झाली तर भूमच्याच न्यायालयात. दुपारी रिमांडचं काम निघतं. आरोपी पुढे येतो, न्यायाधीश फायलीतून मान वर करून विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ आरोपीच्या मागे हातभर अंतरावर शिपाई उभा आहे. त्याच शिपायाबरोबर त्याला त्याच गाडीत बसून त्याच ठाण्यात परत जायचं आहे, आणि रात्र अजून व्हायची आहे. आरोपी मान हलवतो. आदेशात ओळ उमटते की आरोपीची पोलिसांविरुद्ध तक्रार नाही. न्यायाधीशांनी तेवढ्यापुरतं पोलिसांना दाराबाहेर उभं केलं, तळवे दाखवायला सांगितले, चार पावलं चालायला लावलं, तर दोन मिनिटांत बरंच काही कळतं. तळव्यावर मारलेला माणूस चालताना लपवू शकत नाही. ही दोन मिनिटं ज्या न्यायालयात दिली जातात तिथल्या ठाण्यांना ते लगेच माहीत होतं, हे वकिलांकडून ऐकावं.

तसंच वैद्यकीय तपासणीचं. अटकेनंतर सरकारी डॉक्टरकडून तपासणी सक्तीची आहे, आणि कोठडी लांबली तर दर अठ्ठेचाळीस तासांनी. हा दंडक सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर १९९६ च्या डी. के. बसू निकालात घातला. पश्चिम बंगालच्या त्या खटल्याची सुरुवात डी. के. बसू यांनी कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या वाचून सरन्यायाधीशांना लिहिलेल्या पत्रातून झाली होती. जखमा कोणत्या, साधारण कधीच्या, हे डॉक्टरने लिहायचं आणि त्याची प्रत आरोपीला किंवा त्याने सांगितलेल्या माणसाला द्यायची, असं आता कायद्यातच आहे. प्रत्यक्षात ग्रामीण रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात भर गर्दीत पोलीस आरोपीला आणतात, सदरा न काढताच तपासणी होते, आणि प्रत मागायची असते हे घरच्यांना ठाऊक नसतं. अटकेच्या पंचनाम्यावर घरच्या माणसाची किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची सही लागते. तीही अनेकदा ठाण्यात नेहमी हजर असणाऱ्या एखाद्या ओळखीच्या पंचाची असते.

या कागदांकडे क्षुल्लक म्हणून पाहू नये, हे दोन जुनी प्रकरणं सांगतात. पहिलं पुन्हा परभणीचंच. ख्वाजा युनूस हा परभणीचा संगणक अभियंता. २ डिसेंबर २००२ च्या घाटकोपर बॉम्बस्फोटात त्याला संशयित म्हणून उचललं. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितलं, तपासासाठी औरंगाबादला नेताना पारनेरजवळ जीप उलटली आणि तो पळून गेला. एका सहआरोपीने न्यायालयात सांगितलं की युनूसला मारहाण होताना आणि रक्ताची उलटी करताना आपण पाहिलं. सीआयडीच्या तपासात जीप-अपघाताची गोष्ट बनाव ठरली. दुसरं सांगलीचं, नोव्हेंबर २०१७. अनिकेत कोथळे या तरुणाला चोरीच्या संशयावरून पकडलं, आणि पोलिसांनी सांगितलं, तो पळून गेला. त्याचा जळालेला मृतदेह आंबोली घाटात सापडला. इथेही त्याच्याबरोबर पकडलेल्या दुसऱ्या माणसाच्या तोंडूनच खरं बाहेर आलं. मध्ये चौदा वर्षं गेली, सबब तीच राहिली. दोन्हीकडे सत्य बाहेर आलं ते योगायोगाने शेजारी दुसरा आरोपी होता म्हणून. तो नसता तर ठाण्याची डायरी हाच एकमेव साक्षीदार होता.

युनूस प्रकरणात सीआयडीने चौदा पोलिसांवर खटल्याची परवानगी मागितली. सरकारने ती चौघांपुरतीच दिली, त्यांत सचिन वाझे एक. निलंबित चौघांना २०२० मध्ये सेवेत परत घेतलं गेलं. खटला वीस वर्षांहून जास्त काळ रेंगाळला. ज्या स्फोटासाठी युनूसला उचललं होतं त्या खटल्यातले आरोपी मात्र २००५ मध्येच सुटले होते. सरकारी नोकरावर कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल खटला भरायचा तर सरकारची परवानगी लागते, ही जुनी तरतूद. कोठडीत मारणं हे कर्तव्यच नव्हे, असं न्यायालयांनी अनेकदा म्हटलं, तरी परवानगीची फाइल टेबलावर पडून राहायचीच. नव्या संहितेने निदान मुदत घातली: १२० दिवसांत निर्णय दिला नाही तर परवानगी मिळाली असं धरायचं. नव्या कायद्यातल्या बऱ्याच गोष्टींवर मी नाराज आहे, पण ही सुधारणा मान्य करायलाच हवी.

मग चकमकी. २३ सप्टेंबर २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच चकमकींवरच्या खटल्यात सोळा मार्गदर्शक सूचना दिल्या: गुन्हा नोंदवा, सीआयडी किंवा दुसऱ्या ठाण्याकडून तपास करा, शस्त्रं तपासणीला द्या, चौकशी संपेपर्यंत बढती-बक्षीस नको. बरोबर दहा वर्षांनी, २३ सप्टेंबर २०२४ ला, बदलापूरच्या शाळेतल्या चिमुकल्यांवरील अत्याचाराचा आरोपी अक्षय शिंदे पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. पोलीस म्हणाले, त्याने पिस्तूल हिसकावलं. दंडाधिकारी चौकशीने तो दावा संशयास्पद ठरवला. तोवर राज्यात पेढे वाटून झाले होते. माझ्या मते पोलिसांना उत्तरदायी धरण्यातला सर्वांत मोठा अडथळा आपणच आहोत. ज्याला पोलिसांनी मारलं तो वाईट असेल तर प्रश्न विचारणारा वाईट, असं गणित आपण मांडतो. शहरोशहरी गुंडांची रस्त्यावरून धिंड काढली जाते, व्हिडिओवर हजारो अंगठे उमटतात. कोणत्या कलमाखाली, हे कुणी विचारत नाही, कारण तसं कलमच नाही. बदलापूरच्या शाळेतल्या मुलींचा खटला उघड्या न्यायालयात चालायला हवा होता. शाळेची जबाबदारी, तक्रार घ्यायला झालेला उशीर, सगळं तिथे निघालं असतं. मुख्य आरोपीच मेल्यावर ते सगळं मागे पडलं.

पोलीस ज्याला चकमक म्हणाले त्यात पोलिसांनाच शिक्षा झाल्याचं गाजलेलं उदाहरण लखन भैयाचं. ११ नोव्हेंबर २००६ ला रामनारायण गुप्ता उर्फ लखन भैयाला नवी मुंबईतल्या वाशीतून उचललं गेलं आणि त्याच संध्याकाळी वर्सोव्याजवळ चकमकीत तो मेल्याची घोषणा झाली. पण दरम्यानच्या काही तासांत त्याच्या वकील भावाने पोलीस आयुक्तांसह वरिष्ठ अधिकाऱ्यांना तारा आणि फॅक्स पाठवून ठेवले होते, की माझ्या भावाला उचललं आहे, त्याला मारलं जाण्याची भीती आहे. पोलिसांच्या कहाणीच्या आधीची वेळ त्या कागदांवर छापलेली होती. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने तेरा पोलिसांसह एकवीस जणांना दोषी धरलं, आणि १९ मार्च २०२४ ला उच्च न्यायालयाने, खाली निर्दोष सुटलेले माजी पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा यांनाही जन्मठेप दिली. शर्मा त्यावर सर्वोच्च न्यायालयात गेले आहेत. लखन भैयावर गुन्हे दाखल होते. न्यायालयाने त्याचं चारित्र्य तपासलं नाही, वेळापत्रक तपासलं.

हे कागद करता येतात ते शिकलेल्याला, वकील भाऊ असणाऱ्याला. भूम, वाशी, कळंब या पट्ट्यात पारधी वस्त्या आहेत. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलेला हा समाज. निजामाच्या राज्यातही तसलेच नियम होते. १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण कुठे चोरी झाली की पहिली गाडी पारधी वस्तीवर जाते हे अजून गेलेलं नाही. १९९८ मध्ये बारामतीत पिन्या हरी काळे हा पारधी तरुण कोठडीत मेला, तेव्हा लक्ष्मण गायकवाडांसारखे लोक उभे राहिले म्हणून तो विषय निदान राज्यभर झाला. ज्याच्याकडे ना सातबारा ना जातीचा दाखला, त्याने वैद्यकीय अहवालाची प्रत मागायची म्हणजे ठाण्याच्या दारात पाय ठेवायचा, आणि त्याला वर्षानुवर्षं त्या दाराची भीतीच शिकवली गेली आहे.

जगात वेगळं काही आहे अशातला भाग नाही. २०२० मध्ये अमेरिकेत मिनीॲपोलिसच्या पोलिसांनी जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूवर काढलेल्या पहिल्या पत्रकात कारण वैद्यकीय असल्याचं म्हटलं होतं. रस्त्यावरच्या एका शाळकरी मुलीने मोबाइलवर चित्रण केलं नसतं तर तेच पत्रक इतिहास ठरलं असतं. इंग्लंडमध्ये पोलिसांविरुद्धच्या गंभीर तक्रारी पोलिसांच्या बाहेरची स्वतंत्र संस्था तपासते. आपल्याकडेही तशी संस्था कागदावर आहे. प्रकाश सिंह खटल्यात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्य आणि जिल्हा पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरणं नेमायला सांगितली. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस अधिनियमात दुरुस्ती केली, निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली राज्य प्राधिकरणाची तरतूद केली, पण जिल्ह्याऐवजी महसुली विभाग ही पातळी धरली. म्हणजे भूमच्या माणसाचं प्राधिकरण धाराशिवला नाही, छत्रपती संभाजीनगरला. बीडमार्गे एसटीने जायला निम्मा दिवस, यायला निम्मा, आणि रोजंदारी बुडते ती वेगळी. न्यायालयाने जिल्हा म्हटलं होतं ते याच कारणासाठी.

तेव्हा जवळ काय आहे ते पाहावं. कुणाला अटक झाली तर ठाण्यात अटक केलेल्यांची नावं-पत्ते दिसतील अशी लावायची, आणि त्यासाठी सहायक फौजदार किंवा त्यावरचा अधिकारी नेमलेला असायचा, हे नव्या संहितेत आहे. ते नाव विचारावं. वैद्यकीय अहवालाची प्रत मागावी. २ डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंह सैनी निकालाप्रमाणे प्रत्येक ठाण्यात दरवाजा, कोठडी, व्हरांडा दिसेल असे, आवाज टिपणारे कॅमेरे हवेत आणि चित्रण अठरा महिने, निदान वर्षभर जपायला हवं. पण कॅमेरा नेमका त्याच रात्री बंद होता, असं उत्तर सर्रास मिळतं. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून त्याची दखल घ्यावी लागली. म्हणून चित्रण जपून ठेवा असा अर्ज महिनाभराने देऊन उपयोग नाही. पहिल्या दिवशीच ठाण्यात द्यावा, एक प्रत उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्यावी (ते भूमलाच आहे), एक रिमांडच्या वेळी न्यायालयात. प्रत्येक ठिकाणी तारीख आणि वेळ घालून पोच घ्यावी. ठाण्याने पोच दिली नाही तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवावा आणि पावती जपावी; पोस्टाच्या शिक्क्यावरची तारीख कुणालाही मागाहून बदलता येत नाही.